फोन धडधाकट, पण अपडेटचा पत्ता नाही: थांबावं की बदलावा?

कृष्णाकाठ
मंडळी, सल्ला हवा आहे आणि थोडं मनातलंही बोलायचं आहे.

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये फोन घेतला. काचेवर अजून ओरखडा नाही, सकाळी चार्ज केला की रात्रीची जेवणं होईपर्यंत चालतो. तक्रार एकच. फोन अँड्रॉइड १४ वर आहे आणि सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या छोट्या अपडेटची, तारीख फेब्रुवारीवर अडकून बसली आहे. अँड्रॉइड १५ सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, १६ हे २०२५ च्या जूनमध्ये. माझ्या मॉडेलला १५ देणार असं कंपनीने जाहीर केलं होतं. कस्टमर केअरला विचारलं की एकच उत्तर मिळतं: 'टप्प्याटप्प्याने येत आहे.' सेटिंग्जमध्ये जाऊन बटण दाबावं, तर 'तुमचा फोन अद्ययावत आहे.'

नवी चिन्हं आणि नवे वॉलपेपर यांच्यासाठी मी थांबलेलो नाही. या फोनवर माझी बँक आहे, वडिलांचं पेन्शनचं खातं आहे, शाळेतल्या मुलांची माहिती भरायची ॲप्स आहेत. म्हणून काळजी वाटते.

माझं मत सांगतो. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापतात. वीस हजारांच्या फोनच्या खोक्यावर एमआरपी असते, बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता असतो, त्या फोनचा आयएमईआय क्रमांक असतो. या फोनला अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, तेवढं मात्र नसतं. ते छापायची सक्ती झाली पाहिजे.

तोवर मी काय करू? थांबू की बदलू?

निवांत_नाना
फोन कुठला, ते आधी सांगा.

कृष्णाकाठ
नाना, नाव मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं की अर्धे लोक त्या कंपनीच्या बाजूने आणि अर्धे विरुद्ध उभे राहतील, आणि प्रश्न बाजूला पडेल. मधल्या किमतीचा फोन आहे, एवढं पुरे.

सोनटक्का
मी उलट बाजूची. आमच्याकडे अपडेट आलं की सासऱ्यांच्या पोटात गोळा येतो. वय ७८. त्यांनी फोन पाठ केलेला आहे, बघून वापरत नाहीत. ऑगस्टमध्ये एका सकाळी फोन घ्यायचा स्क्रीनच बदलला. हिरवं बटण वर सरकवायची सवय, ते आडवं सरकवायचं झालं. बहिणीचा फोन वाजत राहिला आणि ते नुसते बघत राहिले. हे कोणी, कोणाला विचारून केलं? मला वाटतं चालू आहे ते चालू द्यावं.

रात्रपाळी
सोनटक्काताई, सासऱ्यांचा त्रास खरा आहे, पण ते सिस्टीम अपडेट नव्हतं. फोन करायचं जे ॲप असतं, त्याचं नवं रूप होतं आणि ते प्ले स्टोअरमधून आपोआप आलं. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर वरचे तीन ठिपके दाबून त्याच्यापुरतं 'स्वयं अपडेट' बंद करता येतं. त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल कसा उचलायचा, हेही निवडता येतं. सुरक्षा पॅच मात्र बंद करू नका. त्यात बटणं हलत नाहीत, फक्त भोकं बुजवली जातात.

आता कृष्णाकाठांचा प्रश्न. मी पुण्यात फोनच्या सॉफ्टवेअर चाचणीत बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून उशीर कुठे होतो ते सांगतो.

गूगल अँड्रॉइडचा स्रोत खुला करते. तो तसाच उचलून फोनवर चढवता येत नाही. मॉडेम, कॅमेरा, ग्राफिक्स चालवणारा भाग चिपवाल्याकडून यावा लागतो, म्हणजे क्वालकॉम किंवा मीडियाटेककडून. चिपवाल्याने जुन्या चिपवरचं काम थांबवलं की फोन कंपनीचे हात बांधले जातात. त्यानंतर कंपनी आपला साज, म्हणजे आपलं रूप आणि आपली ॲप्स, चढवते. तोही प्रत्येक मॉडेलसाठी आणि प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा. त्यामुळे युरोपात आलेलं अपडेट आपल्याकडे तेव्हाच येईल असं नाही.

मग चाचणी. दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्यांची, एकावर कॉल चालू असताना दुसऱ्यावर डेटा. आम्ही कॉल चालू ठेवून एक्सप्रेसवेने गाडीतून जायचो. बोगद्यात शिरताना नेटवर्क ५जीवरून ४जीवर उतरतं, बाहेर पडल्यावर परत चढतं. त्या क्षणी आवाज तुटला की नोंद करायची, लॉग (फोनने स्वतः ठेवलेली नोंद) पाठवायचा, दुरुस्त आवृत्ती आली की पुन्हा तोच घाट. असं काम प्रत्येक मॉडेलसाठी होतं. स्वस्त फोनची मॉडेलं डझनाने असतात आणि माणसं तेवढीच, म्हणून आधी महागडे फोन उरकतात.

शेवटी वाटपही एकदम होत नाही. आधी थोड्या फोनांना देतात, बिघाडाचे अहवाल पाहतात, गडबड दिसली तर तिथेच थांबवतात. शेजाऱ्याला मिळालं आणि मला नाही, हे त्यामुळेच.

सुधारणा झालीच नाही असं नाही. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर प्रोजेक्ट ट्रेबल आलं. त्याने चिपवाल्याचा भाग आणि वरचं अँड्रॉइड वेगळे केले. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर मेनलाइन आलं, त्यामुळे काही महत्त्वाचे भाग कंपनीची वाट न पाहता थेट गूगलकडून येऊ लागले. सेटिंग्जमध्ये 'गूगल प्ले सिस्टम अपडेट' अशी वेगळी ओळ आणि वेगळी तारीख दिसेल. ती कितीची आहे ते बघून इथे सांगा.

रानजाई
रात्रपाळी, उत्तम प्रतिसाद. बोगद्याचा किस्सा वाचून माझ्या फोनबद्दलचा राग निम्म्यावर आला.

भरतवाक्य
माझा नाही आला. कंपनीला मॉडेलं डझनाने काढायला कोणी सांगितलं? चाचणीला माणसं पुरत नाहीत तर चार मॉडेलं कमी काढा. अडचण त्यांनीच उभी केलेली आहे.

रात्रपाळी
यात तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

निवांत_नाना
तुम्ही लोक १४, १५, १६ वर भांडताय. ज्यांनी अँड्रॉइड २.३ वर मराठी वाचायचा प्रयत्न केलाय त्यांनी हात वर करा. माझ्या त्या फोनवर मराठी पान उघडलं की नुसते चौकोन दिसायचे. उपाय एकच होता. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी कॉन्फिग टाइप करायचं, यादीत सगळ्यात खाली जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट' याला 'येस' करायचं. मग पान चित्रासारखं उतरायचं आणि मराठी दिसायचं. अक्षरं बारीक, मोठी केली की फुटायची, पण वाचता यायची. अँड्रॉइड ४ येणार, त्यात देवनागरी नीट दिसणार, हे कळल्यावर मी ज्या आतुरतेने अपडेटची वाट पाहिली तशी नंतर कधीच पाहिली नाही. माझ्या फोनला ते आलंच नाही, तो भाग वेगळा.

सोनटक्का
हात वर! आणि चौकोन गेले तरी जोडाक्षरं सुटी व्हायची. 'दुसऱ्या'मधला अर्धा र कुठेतरी लटकत असायचा.

रानजाई
मेन्यूसकट अख्खं अँड्रॉइड मराठीत मिळालं ते २०१४ च्या ५.० मध्ये, लॉलीपॉपमध्ये. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळमही त्याच वेळी आल्या. माझ्या आईने त्या दिवशी पहिल्यांदा सेटिंग्ज स्वतः उघडून पाहिल्या. म्हणून 'अपडेटने काय मिळतं' असं कोणी म्हटलं की मला आई आठवते.

पुरणपोळी_प्रेमी
अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने गोड पदार्थांची नावं द्यायचे: लॉलीपॉप, मार्शमेलो, नूगा... यातलं एकही आमच्या घरी कधी ताटात आलं नाही. 'एम'ला मोदक ठेवायला काय हरकत होती? २०१६ मध्ये गूगलने 'एन'साठी लोकांकडून नावं मागवली, तेव्हा केरळच्या मंडळींनी नेय्यप्पम हा आपला गोड पदार्थ लावून धरला होता. आपण त्याच्या आधीच्या वर्षी झोपलो होतो काय?

भरतवाक्य
मोदक आला असता तर वाट पाहायला तरी बरं वाटलं असतं. निदान भाद्रपदापर्यंत येणार याची खात्री.

ऑरेंज_सिटी
वाट पाहण्यावरून २०२२ चा ऑक्टोबर आठवला. ५जी सुरू झालं, एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं. आम्हाला कोण अभिमान! चौकात टॉवर, हातात ५जी लिहिलेला फोन, आणि वर कोपऱ्यात ४जी. फोनमध्ये यंत्रणा होती, पण इथल्या नेटवर्कसाठी ती सॉफ्टवेअरने उघडून द्यायची राहिली होती. माझ्याच फोनची ही गत नव्हती. आयफोनवाल्यांनाही डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ येईपर्यंत थांबावं लागलं. सरकारने कंपन्यांना बोलावून विचारणा केली, तेव्हा जरा हालचाल झाली. म्हणून मी म्हणतो, विचारणा करणारा कोणी असेल तर अपडेट येतं.

मेन_नदीकाठ
मी फ्रँकफर्टला असतो. ऑरेंज सिटींचा शेवटचा मुद्दा इथे खरा होताना पाहतोय. २० जून २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये फोनसाठी नवे नियम लागू झाले. फोनबरोबर फ्रिजसारखं ऊर्जेचं लेबल येतं. त्यावर बॅटरी किती चालते, पडल्यावर किती टिकतो, दुरुस्तीला किती सोपा, अशी श्रेणी असते. अपडेटबाबतचा नियम असा की मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं ती विनामूल्य मिळाली पाहिजेत. कृष्णाकाठ, इथे 'विक्री थांबल्यापासून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे कंपन्या जी वर्षं सांगतात ती सहसा फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात. तुम्ही सेलमध्ये घेतलात तो फोन तेव्हा किती जुना होता, ते तपासा.

अर्थात नियमातही फट आहे. मजकुरात 'अपडेट दिली तर' असा शब्दप्रयोग आहे. मुळात द्यायचीच नाहीत, असं कोणी म्हटलं तर काय, यावर वाद आहेच. तरीही काही नसण्यापेक्षा खूप बरं.

कृष्णाकाठ
आत्ता पाहिलं. मॉडेल मी घ्यायच्या साधारण दीड वर्ष आधी आलं होतं! म्हणजे 'तीन वर्षं सुरक्षा अपडेट'मधली निम्मी माझ्या हातात यायच्या आधीच संपली होती. सेलच्या पानावर सूट किती ते मोठ्या अक्षरांत होतं, हे कुठेच नव्हतं. मी तारखेचा आग्रह धरतोय तो याचसाठी. 'तीन वर्षं' असं लिहून भागत नाही. महिना आणि साल हवं.

रात्रपाळी
तारीख देता येते, अशक्य काही नाही. गूगल आपल्या पिक्सेल फोनांच्या मदतीच्या पानावर मॉडेलसमोर महिना देते. पिक्सेल ८ समोर ऑक्टोबर २०३० आहे. त्या फोनपासून त्यांनी सात वर्षं केली. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला सात वर्षं जाहीर केली. चिपवालेही हलले आहेत. क्वालकॉम आणि गूगलने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या चिपसाठी आठ वर्षांपर्यंत अपडेट देण्याची तयारी जाहीर केली. हे सगळं वरच्या किमतीत आहे. पंधरा-वीस हजारांत अजून यायचंय, आणि आपल्याकडे बरेच लोक त्याच किमतीचे फोन घेतात.

मनात असेल तर लहान कंपनीही करू शकते. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोनने २०१५ मध्ये फेअरफोन २ काढला. त्याच्या चिपचा पाठिंबा क्वालकॉमने अँड्रॉइड ६ वर थांबवला. त्यांनी स्वतः खपून २०२१ मध्ये त्याला अँड्रॉइड ९ दिलं आणि २०२३ पर्यंत तो फोन सांभाळला.

पानशेत
तिकडे आयफोन ५एस बघा. २०१३ चा फोन, जानेवारी २०२३ मध्ये त्याला आयओएस १२.५.७ हे सुरक्षा अपडेट आलं.

भरतवाक्य
आणि त्याच कंपनीने २०१७ च्या डिसेंबरमध्ये कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या फोनांचा वेग अपडेटमधून कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं म्हणाले. तसं आधी सांगायचं होतं. लोक बॅटरी बदलायची सोडून फोन बदलत राहिले. 'अपडेटनंतर फोन हळू होतो' हा लोकांचा संशय तिथून पक्का झाला.

टिचकी_मोबाईल
नमस्कार. माझं कोल्हापुरात दुरुस्तीचं दुकान आहे. अपडेटनंतर फोन हळू झाला म्हणून गिऱ्हाईक येतं, तेव्हा मी आधी स्टोरेज बघतो. १२८ मधले १२४ जीबी भरलेले. त्यात 'शुभ सकाळ'ची फुलं, एकाच लग्नाचे चार ग्रुपवरून आलेले तेच व्हिडिओ. जागाच नसेल तर फोन काय करणार? अपडेटच्या आधी १५ जीबी तरी रिकामी करा, फोटोंची प्रत काढा, बॅटरी निम्म्यावर असू द्या.

दुसरं. अपडेट झाल्यावर पहिले एक-दोन दिवस फोन तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. आत सगळी ॲप्स नव्याने जुळवली जात असतात. लगेच घाबरून दुकानात येऊ नका. चार दिवसांनीही तसंच राहिलं तर या.

तिसरं, मोठी आवृत्ती असेल तर आठ-दहा दिवस थांबा, आधी घेतलेल्यांचे अनुभव वाचा. पुढे गेलेला फोन मागे आणणं बहुतेक मॉडेलांत जमत नाही, आणि जमलं तरी आतलं सगळं पुसलं जातं. छोटा सुरक्षा पॅच मात्र आला की घ्या.

माळरान
घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे वाय-फाय नाही, दिवसाला दीड जीबीचा पॅक. अपडेट अडीच जीबीचं. मी काय करतो सांगतो. रात्री साडेअकराला डाउनलोड सुरू करायचं, उरलेला डेटा त्यात घालायचा. दीड जीबी संपला की वेग पडतो, मग ते थांबवायचं. बारा वाजून गेले, नवा डेटा आला की 'पुन्हा सुरू करा'. आमच्या आळीत चार-पाच घरांत असंच चालतं. ज्याच्या फोनवर मोबाईल डेटाने डाउनलोड करायची सोयच नाही, त्याला दुसऱ्याचा हॉटस्पॉट मागावा लागतो.

सोनटक्का
माळरान, हे मला माहीतच नव्हतं. किती लोकांना असं करावं लागत असेल.

अवकाळी
माझा मार्ग वेगळा. फोनचं आयुष्य कंपनीने संपवलं तरी मी संपवत नाही. बूटलोडर (फोन सुरू होताना कोणती सिस्टीम चालू द्यायची ते ठरवणारं कुलूप) उघडायचा आणि लिनिएजओएस ही अँड्रॉइडवरच बेतलेली मोफत सिस्टीम चढवायची. २०१६ च्या शेवटी सायनोजेनमॉड ही तशीच आधीची सिस्टीम बंद झाली, त्यातून ही उभी राहिली. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला माझा फोन आज नव्या अँड्रॉइडवर मजेत चालतो.

रात्रपाळी
आणि बँकेची ॲप्स?

अवकाळी
काही चालतात, काही उघडताच बंद होतात. बूटलोडर उघडा आहे हे त्यांना कळतं. म्हणून बँकेसाठी दुसरा फोन ठेवलाय. कृष्णाकाठांच्या वडिलांच्या पेन्शनसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

रानजाई
एक गोष्ट या धाग्यात यायला हवी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. २ जीबी रॅमचे फोन, वॉरंटी संपलेली, तापायचे, अडकायचे, आणि पोषण आहाराची माहिती भरायचं नवं ॲप त्यावर नीट चालत नव्हतं. दुरुस्तीचा खर्च बायांच्या माथी. आपण स्वतःचा फोन बदलायचा की नाही यावर बोलतोय. ज्यांना कामाचा फोन दुसऱ्याने दिलेला असतो त्यांना ती निवडही नसते. फोन विकत घेणाऱ्या सरकारी खात्यानेही निविदेत अपडेटची शेवटची तारीख मागितली पाहिजे.

भरतवाक्य
रानजाई, +१. निविदेत अट टाकायला नवा कायदाही लागत नाही.

ऑरेंज_सिटी
आपल्याकडेही हालचाल आहे. ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये मोबाईल आणि इतर उपकरणांसाठी दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. फोन उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, यांच्या जोडीला सॉफ्टवेअर अपडेट हाही त्यातला एक निकष आहे. कृष्णाकाठ, जाहीर केलेलं अपडेट आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा.

कृष्णाकाठ
आज संध्याकाळीच नोंदवतो. स्क्रीनशॉट आहे.

रात्रपाळी, तुम्ही विचारलेली प्ले सिस्टम अपडेटची तारीख सप्टेंबरची आहे. म्हणजे निम्मा फोन ताजा म्हणायचा का? आणि मूळ प्रश्न राहिलाच: या फोनवर बँक वापरू की नको?

रात्रपाळी
वापरा. फोन बदलू नका.

पॅच मागे पडणं चांगलं नाहीच. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधलं स्टेजफ्राइट नावाचं भोक उघड झालं, नुसत्या एका एमएमएसने फोन ताब्यात घेता येत होता. त्यानंतरच ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा बुलेटिन काढायला सुरुवात केली. त्यामुळे तुमचा आग्रह रास्त आहे. पण तुमच्याकडे प्ले सिस्टमचा भाग चालू आहे, ब्राउझर आणि बँकेचं ॲप स्टोअरमधून ताजं होतंय. पुढच्या वर्षभरात पॅच आलाच नाही, तर बँक दुसऱ्या फोनवर हलवा.

आजच्या घडीला तुमच्या वडिलांचे पैसे जायचे तर ते न बुजवलेल्या भोकातून जाण्यापेक्षा व्हॉट्सॲपवरून जाण्याची भीती कितीतरी जास्त. 'आरटीओ चलान', 'लग्नाची पत्रिका' अशा नावाने एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, येते. माणूस ती दाबतो, फोन 'अनोळखी ॲप' म्हणून इशारा देतो, माणूस 'परवानगी द्या' म्हणतो, आणि ते ॲप ओटीपीचे मेसेज वाचायला लागतं. आजच्या तारखेचा पॅच असलेल्या फोनवरही हे घडतं, कारण दार आपण स्वतः उघडलेलं असतं. तुमच्या फोनवर, आणि वडिलांचा वेगळा फोन असेल तर त्यावरही, सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप इंस्टॉल करणे' इथे जा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, तिघांची परवानगी बंद आहे ना ते बघा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी सोय, चालू ठेवा. हे आजच करा, अपडेट आलं नाही तरी.

टिचकी_मोबाईल
दुकानात रडत आलेली माणसं बघितली आहेत मी. मागच्या महिन्यात एक काकी आल्या होत्या, पत्रिकेची फाइल उघडली होती. नाव ओळखीच्या भाच्याचंच, कारण त्याचा फोन आधी गेला होता. ओळखीच्या नंबरवरून आली तरी एपीके उघडायची नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगा.

सोनटक्का
सासऱ्यांच्या फोनवर आत्ता बघितलं. व्हॉट्सॲपला परवानगी दिलेली होती! बंद केली. सुरक्षा पॅचही आलेला दिसतोय, तो रात्री चढवते. बटणं हलणार नाहीत ना नक्की?

रात्रपाळी
नुसता पॅच असेल तर नाही हलणार. आकार बघा, काही शे एमबीचा असेल तर बहुधा पॅचच. दोन-तीन जीबी दिसला तर थांबा आणि वर्णन इथे टाका, मी वाचून सांगतो.

माळरान
ताई, आकार जास्त निघाला तर साडेअकरा लक्षात ठेवा.

निवांत_नाना
जुना फोन विकत घ्यायचा असेल तर तारीख कशी काढायची, तेही कोणीतरी लिहा. नातवाला दहावीनंतर द्यायचाय.

टिचकी_मोबाईल
नाना, दुकानदार 'एक वर्षच वापरलाय' म्हणेल, ते धरू नका. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' उघडून मॉडेल क्रमांक घ्या, ते मॉडेल भारतात कोणत्या महिन्यात आलं ते शोधा, कंपनीने सांगितलेली सुरक्षेची वर्षं त्यात मिळवा. सॅमसंग असेल तर त्यांच्या मोबाईल सिक्युरिटीच्या पानावर कोणत्या मॉडेलला दर महिन्याला पॅच आहे आणि कोणत्याला तिमाही, याची यादी असते. यादीतून नाव गेलं असेल तर तो फोन घेऊ नका. आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून अपडेटचं बटण दाबून बघा. जुन्या मालकाचं खातं काढलेलं आहे ना, तेही.